कच्च्या लिंबाची पैज

गेल्या सतरा वर्षांत मी आमच्या घरमालकांना जेवढं मटण चारलं आहे, तेवढं त्यांनी स्वतःच्या जावयालाही चारलं नसेल. आगरी घरात जावयाच्या ताटात काय काय पडतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळेल. हे मटण पाहुणचाराचं नाही, पैजेचं आहे. नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या बोनकोड्यात त्यांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, पहिल्यावर ते. सामना असला की त्यांच्या हॉलमध्ये बैठक बसते. नाणेफेकीच्या आधी घरमालक, म्हणजे आमचे दादा, विचारतात, "बाला, आज कोनावर?" मी न चुकता ज्या संघाचं नाव घेतो, तो संघ रात्री साडेअकराला खाली मान घालून हस्तांदोलन करताना दिसतो. रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत.

इंग्रजीत अशा संघाला अंडरडॉग म्हणतात. कुत्र्यांच्या झुंजीत जे खाली सापडलं ते. आपल्याकडे याला फार गोड शब्द आहे, कच्चा लिंबू. चाळीत लपाछपी चालू असायची, आई धाकट्याला बळेच खेळात घुसवायची आणि मोठी मुलं नाक मुरडत म्हणायची, "बरं, हा कच्चा लिंबू." म्हणजे त्यानं पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्याला बाद केलं तरी तो बाद नसतो. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी कच्चा लिंबू होतो. दहाव्या वर्षी मला खरा खेळाडू म्हणून घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर सलग चार वेळा राज्य आलं. तेव्हापासून मैदानात कुणी गरीब चेहऱ्यानं उभा दिसला की माझ्या पोटात कालवतं. ही दया आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ती दया नव्हती, हे पुढे येईलच.

माझ्या या व्यसनाला 2008 साल जबाबदार आहे. आम्ही नुकतेच इथे राहायला आलो होतो. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्याच मार्चमध्ये उघडलं होतं आणि एप्रिलमध्ये आयपीएल नावाचं प्रकरण सुरू झालं. आठ संघांत सर्वांत स्वस्त राजस्थान, 6 कोटी 70 लाख डॉलरला गेलेलं. मुंबईची किंमत होती 11 कोटी 19 लाख. राजस्थानचा कर्णधार आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून दिलेला शेन वॉर्न, आणि प्रशिक्षकही तोच, म्हणजे लग्नात नवरदेवानंच अक्षता वाटाव्यात तसं. पहिल्याच सामन्यात दिल्लीनं त्यांना नऊ गडी राखून लोळवलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात दादा भेटले. ओळख नवी होती, काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "कप राजस्थान घेणार." दादांनी माझ्याकडे पाहिलं. आपण भाड्याच्या करारावर सही करण्यात घाई तर नाही ना केली, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. "दोन किलो मटण?" ते म्हणाले. "दोन किलो," मी म्हणालो.

1 जून 2008, रविवार, अंतिम सामना इथेच, नेरूळला. चेन्नईच्या 163 धावा. युसूफ पठाणनं तीन बळी घेतले आणि वर 56 धावा कुटल्या, तरी सामना शेवटच्या चेंडूवर गेला. एक धाव हवी होती. एका बाजूला वॉर्न, दुसऱ्या बाजूला सोहेल तन्वीर. तन्वीरनं चेंडू ढकलला, दोघं धावले, आणि आमच्या खालच्या मजल्यावर एक भलंमोठं मौन पसरलं. मंगळवारी दादांनी स्वतः पिशवी आणून दिली. वर काकूंनी वाटण दिलं ते वेगळं.

एवढंच. त्यानंतर मी आजतागायत जिंकलेलो नाही म्हटलं तरी चालेल. दहाव्या वर्षी लॉटरीचं तिकीट लागलेला मुलगा जसा पुढे तिकिटंच घेत राहतो, तशी माझी गत झाली.

आता भावाचं थोडं सांगतो. आम्ही पैसे लावत नाही. एक तर महाराष्ट्रात जुगाराला मनाई करणारा कायदा 1887 सालचा आहे, म्हणजे टिळक-आगरकरांच्या काळातला, आणि त्यातून वाट काढून गेले ते महालक्ष्मीचे घोडे तेवढे. दुसरं म्हणजे माझ्या पगारात मटणाच्या पुढे जाता येत नाही. पण भाव सगळ्यांना कळतात. बोनकोड्याच्या नाक्यावर चहा पिणाऱ्या पोरालाही "पस्तीस पैसे" म्हणजे काय ते ठाऊक असतं. तगड्या संघावर रुपया लावा, जिंकलात तर वर पस्तीस पैसे. म्हणजे तगड्यावर पैज लावणारा हा मुळात पैज लावतच नाही, तो मुदत ठेव ठेवतो. जिंकला तर कुणी विचारत नाही, हरला तर गल्ली हसते. माझं बरोब्बर उलटं. मी हरलो तर कुणाच्या भुवईचा केस हलत नाही. पावसाळ्यात तिसरा मजला गळावा तसं ते सगळ्यांनी धरलेलंच असतं. आणि जिंकलो तर? 2008 चं मटण मी अजून लोकांना ऐकवतो आहे. दयाबिया काही नाही. "बघा, मी म्हणालो होतो" हे वाक्य आयुष्यात एकदा तरी म्हणता यावं, त्याचे हे हप्ते.

या पंथाचे आमचे आद्यपुरुष ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली आणि रॉड मार्श. 1981 साली हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंड मरणपंथाला लागलं होतं. मैदानावरच्या फलकावर इंग्लंडचा भाव झळकला, एकाला पाचशे. लिलीनं दहा पौंड लावले, मार्शनं पाच, तेही बसच्या ड्रायव्हरकरवी. आणि लावले ते विरुद्ध संघावर. मग बोथमनं नाबाद 149 ठोकल्या, विलिसनं 43 धावांत आठ जणांना गुंडाळलं, इंग्लंड 18 धावांनी जिंकलं आणि ऑस्ट्रेलिया हरलं म्हणून त्या दोघा ऑस्ट्रेलियनांना साडेसात हजार पौंड मिळाले. ही कथा मी दादांना मोठ्या भक्तिभावानं सांगितली. त्यांनी विडी विझवली आणि विचारलं, "मंग ते हरले का जिकले?" मी आठवडाभर विचार केला. उत्तर नाही.

अशा माझ्या अवस्थेत, दोन वर्षांपूर्वी, न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्यासाठी देवानं एक खेळ बनवलाय. बेसबॉल."

मला बेसबॉल म्हणजे शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल असायचा त्याचं श्रीमंत भावंड, इतकंच माहीत. भाच्यानं आकडे सांगितले आणि मी फोन स्पीकरवरून काढून कानाला घट्ट लावला, जणू कुणी चोरून ऐकेल. क्रिकेटमध्ये दुबळा संघ हरला की हरलाच, महिनाभर परत दिसत नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे मोसमात 162 सामने. पाडव्याच्या आसपास सुरू होतात ते पितृपक्षापर्यंत जवळजवळ रोज, आपल्या एकत्र कुटुंबातल्या भांडणांसारखे. त्यामुळे कितीही थोर संघ असला तरी दर तीन दिवसांनी एकदा मार खातोच. 2001 साली सिअ‍ॅटलनं 116 सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली, तरी 46 हरले, आणि शेवटी विजेतेपद त्यांच्या हाती आलंच नाही. खेळच तसा. चेंडू गोल, दांडकंही गोल, त्यामुळे दहातून तीनदा नीट फटका मारणारा माणूस तिथे महान समजला जातो आणि सातदा हात हलवत परत येतो. (हे ऐकून माझी स्वतःबद्दलची किती मतं बदलली, सांगता येत नाही.) शिवाय सगळी मदार चेंडू टाकणाऱ्यावर, आणि तो एकदा खेळला की चार-पाच दिवस खांदा शेकत बसतो. म्हणजे आज तगड्या संघाचा पाचव्या नंबरचा गडी आणि आपल्या दुबळ्याचा पहिल्या नंबरचा, असा योग जुळला की पारडं फिरतं. भाव टाकणारेसुद्धा आधी संघ बघत नाहीत, आज चेंडू कोण टाकतोय ते बघतात. पत्रिकेत मंगळ बघावा तसं.

2024 च्या सप्टेंबरात मी शिकागोचा व्हाइट सॉक्स हा संघ निवडला. निवडला म्हणजे प्रेमातच पडलो. त्या संघानं त्या वर्षी सलग 21 सामने हरून दाखवले होते. त्यांच्या एकूण पराभवांचा आकडा 120 वर आला होता. 1962 साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघानं 120 हरून जो विक्रम केला होता, त्याची बरोबरी झाली होती. आणखी एक पराभव, आणि ते आधुनिक काळातले सर्वांत हरलेले ठरणार होते. समोर लॉस एंजेलिसचा एंजल्स. तोही काही फार सुखवस्तू संघ नव्हता, पण या बिचाऱ्यांपुढे तो लक्षाधीश.

भाचा म्हणाला, "उद्या हरणार, मामा. अख्खं शिकागो ते बघायला चाललंय."

मी म्हणालो, "जिंकणार."

पैज अशी ठरली. मी हरलो तर घरमालकांच्या आईच्या हातचा आगरी मसाला एक किलो कुरिअरनं त्याच्या घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला. तो हरला तर त्यानं चार रविवार आपल्या आईला, म्हणजे आमच्या ऐरोलीच्या ताईला, फोन करायचा. किमान अर्धा तास. "बिझी आहे" हा शब्द वापरला तर तो रविवार धरायचा नाही.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. 25 सप्टेंबर, बुधवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. त्या वेळी बोनकोड्यात जागी असतात ती वाशीच्या मार्केटला निघालेली माथाडी माणसं, पाण्याची मोटर लावणारे घरमालक आणि कुत्री. मी अंधारात मोबाइल कुकरला टेकवून स्वयंपाकघरात बसलो. आवाज बंद. खिडकीतला उजेड खालून दादांना दिसला. पाच मिनिटांत दार वाजलं. खांद्यावर टॉवेल, हातात मोटरच्या खोलीची किल्ली.

"कोन आजारी हाय का?"

"नाही दादा. बेसबॉल."

ते काही न बोलता डब्यावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "हो तं सपाट बॅट आनायला पैसं नायत वाटतं त्यांच्याकडं." मी समजावायला सुरुवात केली. नऊ डाव असतात, धावत चार टप्पे पुरे केले की एक धाव. "म्हंजे लंगडी," दादा म्हणाले, आणि त्यांना खेळ समजला. मला समजायला आठ महिने लागले होते.

प्रेक्षागारात लोक खरोखर पराभव बघायला आले होते. घरचाच संघ, घरचीच माणसं, आणि मधूनमधून घोषणा देत होती, संघ विका, संघ विका. आपल्या पोराच्या दहावीचा निकाल ऐकायला सगळ्या नातलगांनी पेढे न घेता यावं, तसं ते दृश्य होतं. आठव्या डावापर्यंत आमचे दोन धावांनी मागे, स्वतःच्या नावापुढे शून्य. बाहेर उजाडलं. गच्चीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. पितृपक्ष चालू होता. दादा त्याच्याकडे बघून म्हणाले, "यो काय आपल्या संगाला शिवायला आला का?"

आणि आठव्या डावात त्या संघानं तीन धावा काढल्या. तीन-दोन. जिंकले! ज्यांना विक्रमी हार बघायची होती त्यांना या संघानं तेही सुख दिलं नाही. हरायला सांगितलं तर हरताही आलं नाही त्यांना. दादांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या इमारतीतल्या एकानं दार उघडून "पाणी आलं का?" म्हणून विचारलं. बायको उठून आली, तिनं कुकर, मोबाइल, मी आणि घरमालक हा देखावा पाहिला आणि चहा टाकला. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत, ती असल्या वेळी प्रश्न विचारत नाही.

पुढचे दोन्ही सामने एंजल्सविरुद्ध ते जिंकले. मी हवेत. भाच्यानं रविवारी ताईला फोन केला. पुढच्या रविवारी परत केला. सोमवारी सकाळी ताईचा मला रडवेल्या आवाजात फोन, "खरं सांग, त्याची नोकरी गेली का रे?"

पण मी थांबलो कुठे? जिंकलेला माणूस थांबत नसतो. शुक्रवारी डेट्रॉइटविरुद्ध मी परत पैज लावली, त्याच अटींवर, आणि शनिवारी पहाटे माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी 121 वा सामना हरून विक्रम नोंदवला. उरलेले दोन्ही मग जिंकून टाकले, एकदा इभ्रत गेल्यावर माणूस मोकळा होतो तसे. मोसम संपला तेव्हा हिशेब 41 जिंकले, 121 हरले. मी हा आकडा कागदावर मांडून दादांना दाखवला. एकशेवीस वर्षांत एवढं कुणी हरलं नाही असा संघ, तोही दर चार दिवसांनी एकदा जिंकत होता. माझ्या सतरा वर्षांच्या हिशेबात एवढं कुठे बसतंय?

मसाला पाठवावा लागला. दादांच्या आईनं विचारलं, "अमेरिकेला पाठवायचाय? मंग मिर्ची कमी घालू?" मी नको म्हणालो. महिन्याभरानं भाच्याचा निरोप आला, फोडणी घातली आणि धुराची घंटा वाजून अख्खी इमारत खाली उतरली. तो सर्वांना सांगत होता, मामाकडून पैज जिंकलो. तिथल्या कुणाला ते जिंकणं वाटलं नाही म्हणे.

एकदा मी दादांना कच्च्या लिंबाचं हे तत्त्वज्ञान जरा लांबवून ऐकवत होतो. गच्चीवर होतो, समोर खाडीकडचे टॉवर. ते म्हणाले, "तू मना नको सांगू. नवी मुंबईसाठी पंच्यान्नव गावांच्या जमिनी घेतल्या तवा आमच्यावर कोन पैज लावत होता?" 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. शंभर एकर गेले तर साडेबारा परत. त्यातूनही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा, हातात पावणेनऊ. असा भाव कुणा बुकीनं दिला असता तर पंटरांनी त्याला खाडीत बुडवला असता. दादा एवढं बोलून गप्प बसले. मग म्हणाले, "भाडं पाच तारखेला दे, या टायमाला सात झाली." त्या पावणेनऊवरच तर ही इमारत उभी आहे.

आता 2025 चा 30 ऑक्टोबर. हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, पुन्हा नेरूळलाच. समोर सात वेळा कप नेलेली ऑस्ट्रेलिया. आपण एकदाही नाही, आणि साखळीत सलग तीन सामने हरून कसंबसं इथवर आलेलो. ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढा पाठलाग जगात कुणी केला नव्हता. याहून कच्चा लिंबू बाजारात मिळणं नाही, आणि तोही घरचा, कोपरखैरण्याहून तीन स्टेशनं. पण त्याच महिन्यात बायकोनं डायरी काढून मटणाचा हिशेब मांडला होता. त्या वर्षातला एकूण आकडा पाहून मला घाम फुटला होता. डावांच्या मध्यंतरात दादांनी विचारलं, "बाला, कोनावर?"

मी म्हणालो, "ऑस्ट्रेलिया."

हॉलमध्ये शांतता. दादांच्या आईनं तोंडातली मिश्री थुंकून आत माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत जी चीज कुणी बघितली नव्हती ती तिनं बघितली होती. "मंग मी आपल्या पोरींवर," दादा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच आपण काय बोललो याचं नवल वाटलं. त्यांनीही कधी दुबळ्यावर लावली नव्हती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जेमिमा रॉड्रिग्ज, नाबाद 127. भांडुपला जन्मलेली, याच स्पर्धेत मध्ये एकदा संघाबाहेर बसवलेली पोरगी. 82 वर असताना ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारानं तिचा झेल सोडला, तेव्हा मी एका क्षणासाठी, फक्त मटणापुरता, हळहळलो. ते हळहळणं माझ्या मुलीनं पाहिलं. ती अजून मला "ऑस्ट्रेलिया" म्हणते. नऊ चेंडू राखून आपण जिंकलो. खाली गावात फटाके, ढोल, कुणीतरी बुलेटचा सायलेन्सर वाजवतंय, आणि मी जिन्यात एकटा.

अंतिम सामना 2 नोव्हेंबरला. आता आपला संघ तगडा मानला जात होता आणि दक्षिण आफ्रिकेच्या मुली पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेल्या. म्हणजे तत्त्वानं बघितलं तर... मी तत्त्वानं बघायचं नाही असं ठरवलं. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. दादा दारातच उभे.

"कोनावर?"

"आज कार्तिकी एकादशी, दादा. एकादशीला मी मटणाची गोष्ट करत नाही."

ते हसले, बसले. आपल्या 298. मग त्यांची कर्णधार लॉरा वोल्वार्ट एका बाजूनं लढतच राहिली. साथीदार जात होत्या, ती उभी. शंभर झाल्या तिच्या. सगळा हॉल तिनं बाद व्हावं म्हणून देवाला विनवत होता आणि माझ्या पोटात ते दहाव्या वर्षाचं कालवणं चालू झालं होतं. मी उशी पोटाशी धरली. तिनं उंच फटका मारला, आपल्या अमनजोतच्या हातातून चेंडू निसटला, पुन्हा निसटला, आणि शेवटी हातात राहिला. हॉल उसळला. मीही उसळलो, अर्धा सेकंद उशिरा.

शेवटचा गडी बाद झाला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दादांनी आधी मिठी मारली, मग घड्याळाकडे बोट दाखवलं.

"बारा वाजून गेले. बारस लागली. आता सांग, मनात कोन होता?"